भक्तीबाय आणि हिरवा दिवा

भक्ती पराडकर मी पहिल्यांदा पाहिली ती पालथी. आमच्या मालवणच्या कार्यालयात टेबलाखाली ती अर्धी आत, अर्धी बाहेर पडली होती आणि तोंडाने वायरींचा उद्धार चालला होता. मी आरोग्य मंडळाच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायचो. माझी चप्पल दिसताच तिने आतूनच विचारलं, ही घाण कोणी केली? मी म्हटलं, बाई, मी गोळ्या देतो, वायरी नाही. त्यावर तिने माझ्याकडे झुरळांचं औषध मागितलं. तिथून आमची ओळख.

पंधरा-सोळा वर्षं झाली याला. तेव्हा मंडळाचे पाच-सहा दवाखाने होते, काही किनाऱ्यावर, काही आतल्या गावांत. मंडळ धर्मादाय होतं असं पाटीवर लिहिलेलं होतं. डॉक्टर बसायचे कुणकेश्वरला, कारण ते अध्यक्षांचे भाचे आणि त्यांचं घर तिथे. रक्त तपासायचं यंत्र होतं धामापूरला, कारण कोणा मुंबईकर देणगीदाराने आपल्या गावात खोली बांधून दिली आणि यंत्र तिथेच राहील अशी अट घातली. त्यामुळे कुणकेश्वरच्या माणसाचं रक्त बर्फाच्या डब्यातून एसटीने अख्खा तालुका ओलांडून धामापूरला जायचं आणि त्याचा रिपोर्ट कॉम्प्युटरवरून परत कुणकेश्वरला यायचा. रोग्याच्या सोयीचा विचार यात कोणी केला असेल, तर तो माझ्या कानावर आला नाही.

या केंद्रांना जोडायला एका कंपनीने जाळं दिलं होतं. त्याला फ्रेम रिले म्हणत. आता ते नावही कोणाला आठवणार नाही. मालवण मधोमध, आणि बाकीची केंद्रं चाकाच्या आऱ्यांसारखी चहूकडे. धामापूरला कुणकेश्वरशी बोलायचं तर निरोप आधी मालवणला यायचा, मग पुढे जायचा. मालवणच्या कार्यालयात धुळकट काचेच्या कपाटात एक यंत्र होतं, तेच हे सगळं फिरवायचं. त्या यंत्रातून एकच वायर बाहेर कंपनीकडे जायची आणि सगळ्या केंद्रांचे रस्ते पुढे तिच्यातूनच फुटायचे.

मंडळाचा कारभारही तसाच. आमचे सेक्रेटरी जितेंद्र यांनी नियमच केला होता की केंद्रांनी एकमेकांना परस्पर फोन करायचा नाही. कापूस संपला तरी मालवणला कळवा, पुढचं आम्ही बघू. ते काय बघायचे देव जाणे. जितेंद्र हा माणूस कपाळाला गंध, मनगटाला गंडा, आणि काहीही विचारलं की "होईल हो" म्हणणारा. या 'होईल'वर मंडळ दहा वर्षं चाललं. मला त्या शब्दाचा इतका वीट आला आहे की आजही कोणी म्हटलं की मी तिथून उठून जातो.

भक्तीचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. लहानपणी ती त्यांची शिडी धरायला जायची, नको तिथे हात लावला म्हणून मारही खायची. पुढे डिप्लोमा केला, अंधेरीला एका कंपनीत बरीच वर्षं नेटवर्कचं काम केलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती मालवणच्या धुरीवाड्यातल्या घरी परत आली आणि आमच्या मंडळाला तुटपुंज्या मानधनावर शिकलेली बाई सापडली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, एका घराची घाण काढता काढता जीव गेला, दुसऱ्याची कोण काढणार? देवळात गेली तर बाहेर चपला राखत उभी राहायची. बायका म्हणत, नाव भक्ती आणि हात जोडूक येणत नाय. तिला ते कळत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

तिचा राग मात्र भारी होता. कोणी वायरीला साधा चिकटपट्टीचा तुकडा लावलेला दिसला तरी तिचा चेहरा कुजका मासा हुंगल्यासारखा व्हायचा. लोक तिला तिरसट म्हणायचे. माझ्या मते ती तिरसट नव्हती. आम्ही सगळे ज्या गोष्टींकडे नाक दाबून बघत होतो, तिथे ती नाक उघडं ठेवायची, एवढंच.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी भक्ती मुंबईला गेली. बहिणीचं बाळंतपण होतं. ती परत आली तेव्हा दसरा उलटून पंधरवडा झाला होता आणि मंडळात एक बाई गुन्हेगार ठरली होती.

ती बाई म्हणजे धामापूरची तुळसा. रक्त तपासायचं यंत्र तीच चालवायची. कुडाळला तिने त्याचं शिक्षण घेतलं होतं. नवरा मुंबईत हॉटेलात, घरी सासू आणि काजूची थोडी झाडं. कामाला अशी चोख की एसटी उशिरा आली तरी कुलूप लावून जायची नाही, डबा हातात येईपर्यंत बसून राहायची. हिच्यावर आरोप असा होता की तिने एका म्हातारीचा रिपोर्ट पाठवलाच नाही, आणि वर पाठवला म्हणून खोटं बोलली.

म्हातारी कुणकेश्वरची हौसाबाई. साखरेचा आजार. तिचं रक्त धामापूरला गेलं, तुळसाने तपासलं, तर मूत्रपिंडं थकलेली निघाली. अशा माणसाला ती नेहमीची साखरेची गोळी चालूच ठेवली तर साखर भलतीच खाली जाते. रिपोर्ट डॉक्टरांनी बघितला असता तर गोळी बंद केली असती. तो त्यांच्या कॉम्प्युटरवर आलाच नाही, आणि त्यांनी आहे तीच गोळी चालू ठेवली. हौसाबाई अंगणात पडली ती शुद्ध हरपूनच. लोकांनी तिला जीपमधून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं म्हणून वाचली.

रिपोर्ट येत नाहीत हे डॉक्टरांना दिसत होतं. त्यांनी नियमाप्रमाणे मालवणला कळवलं. जितेंद्रनी कपाटाच्या काचेतून डोकावून पाहिलं, यंत्रावर हिरवा दिवा होता. मग त्यांनी कंपनीच्या कोल्हापूरच्या माणसाला, अजयला, फोन केला. अजयने तिथे बसून मालवणच्या यंत्रातून प्रत्येक केंद्राला हाक मारून बघितली. या हाकेला ते लोक पिंग म्हणतात, हाक मारायची आणि ओ मिळते का पाहायची. धामापूरने ओ दिली, कुणकेश्वरने ओ दिली. अजयने तक्रार निकालात काढली. जितेंद्रनी डॉक्टरांना सांगितलं, लाइन ठणठणीत आहे, तिकडून पाठवतच नसतील. आणि डॉक्टर, एवढे शिकलेले, ते "बरं" म्हणून गप्प बसले. धामापूरला एक फोन करायला त्यांचं बोट झिजलं असतं का? पण नियम नियम असतो, विशेषतः तो आळसाच्या सोयीचा असतो तेव्हा.

हौसाबाई पडल्यावर डॉक्टरांनी तिच्या मुलाला, मितेशला, तेच ऐकवलं. मितेशची मच्छीमारीची बोट. रांगडा माणूस, आईवर जीव. तो तडक धामापूरला गेला आणि भर दुपारी, बाहेर माणसं बसलेली असताना, तुळसाला खोटारडी म्हणाला. माझ्या आवशीक मारूक निघालेली, असंही म्हणाला. गावात पुढे काय होतं ते सांगायला नको. बाजारात बायका बोलायच्या थांबायला लागल्या. सासूला देवळात कोणीतरी विचारलं, सून कामाक जाता ती नेमकी करता काय? आणि मंडळाने सोमवारी सभा ठेवली, तुळसाला काढून टाकण्यासाठी.

भक्तीला हे सगळं मी सांगितलं. तिने सबंध ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं की धामापूरहून कुणकेश्वरला हाक मारून कोणी पाहिली का. मी म्हटलं, कोणी नाही, मालवणहून पाहिली. ती म्हणाली, म्हणजे बघणाऱ्याने स्वतःच्या घरात उभं राहून दोन्ही शेजाऱ्यांना ओ द्यायला लावली आणि शेजारी एकमेकांशी बोलतात म्हणून लिहून टाकलं. तिने जमिनीवर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धामापूरला औषधांची खोकी पोचवायची होती. मी रिक्षा केली आणि भक्ती खोक्यांबरोबर मागे बसली. तलावावरून भगवतीच्या देवळाकडे वळणारा रस्ता सोडून आम्ही पुढे दवाखान्याशी उतरलो.

तुळसा आम्हाला बघून उठली, पण तिच्या चेहऱ्यावर बसलेली मरगळ उठली नाही. ती एवढंच म्हणाली, "भक्तीबाय, मी पाठयलंय गो. स्क्रीनार लिवलेला आसा, पाठवले म्हणान." भक्तीने खुर्ची ओढली. हौसाबाईच्या रिपोर्टासमोर 'पाठवले' लिहिलेलं होतं खरं. पण त्या 'पाठवले'चा अर्थ इतकाच होता, की रिपोर्ट या कॉम्प्युटरच्या दारात जाऊन उभा आहे. पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं असं जसं आपण धरून चालतो, तसं ते. पेटी उघडून बघायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये तुळसाला दिलेलीच नव्हती.

मग भक्तीने तिथून मालवणला हाक मारली. ओ आली. कुणकेश्वरला मारली. काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. नियम धाब्यावर बसवून तिने कुणकेश्वरच्या नर्सला फोन केला आणि तिच्याकडून उलटी हाक मारून घेतली. कुणकेश्वरहून मालवण ओ देत होतं, धामापूर नाही. भक्तीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं थकली. पण ती संतापली होती, कारण हेच दुखणं आदल्या वर्षी धामापूरची ही प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हाही आलं होतं आणि तिने ते त्याच वेळी बरं करून घेतलं होतं.

तुळसाला काही कळत नव्हतं. भक्तीने तिला समजावलं ते मला अजून आठवतं, कारण त्या सगळ्या जाळ्याची गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. ती म्हणाली, "ह्या मालवणच्या मशीनाक उपजत एक नियम आसा. ज्या दारातसून बातमी इली, त्याच दारातसून ती परत भायर सांगूची नाय. नायतर बातमी गोल गोल फिरत ऱ्हवता. नियम वायट नाय. पण हंय सगळ्यांका दार एकच. धामापूर म्हणान कोण आसा ही बातमी त्याच दारातसून इली, आणि कुणकेश्वराक सांगूक जावचा तर दार ताच. म्हणान मशीन गप बसता. कुणकेश्वराक तू आसस ह्यांच म्हायत नाय."

तुळसा म्हणाली की असा नियम गावातल्या बायकांना लावला असता तर बरं झालं असतं. भक्ती हसली. त्या दिवसात ती हसली ती तेवढीच.

यंत्राला हा नियम इथे पाळू नकोस असं एका ओळीत सांगता येतं. आदल्या वर्षी भक्तीने अजयकडून ती ओळ लिहून घेतली होती, कारण यंत्राची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कंपनीने आपल्याकडेच ठेवली होती. अजय फोनवर "झालं मॅडम" म्हणाला होता आणि खरंच झालं होतं. मग वर्षभर चाललेलं आताच का बिघडलं? परतीच्या वाटेवर भक्तीने मला विचारलं, की ती नसताना मशीन कोणी बंद केलं होतं का. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, त्या कपाटाची किल्ली जितेंद्रकडे असते.

कार्यालयात येऊन तिने किल्ली मागून घेतली आणि कपाट उघडलं. बाहेर आलेल्या वासाने मी दोन पावलं मागे झालो. यंत्रावर झेंडूची माळ होती, सडून काळी पडलेली, खाली पाणी सुटलेलं. वर हळदकुंकवाची बोटं ओढली होती आणि हवा खेळायच्या भोकांत कुंकवाचा चिखल बसला होता. बाजूला खोबऱ्याचे तुकडे आणि पेढ्याचा चुरा. त्यावर लाल मुंग्यांची रांग वायरीवरून थेट यंत्राच्या पोटात गेलेली. खालच्या फळीवर उंदराच्या लेंड्या. या सगळ्याच्या मधून तो हिरवा दिवा मख्खपणे चमकत होता. कोळंबीची सालं कुजलेली मी पाहिली आहेत, पण इतकी शिसारी मला कधी आली नाही, कारण सालं निदान कोणी पूजा म्हणून ठेवत नाही.

शिपाई कानावर हात ठेवायला लागला. भक्तीने त्याला सोडलं आणि जितेंद्रना विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची, अवजारांची पूजा करतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत, हे त्यांनी तिलाच शिकवलं. कोयता असो की होडी असो की मशीन. म्हणून त्यांनी नवमीला स्वतःच्या हाताने यंत्र बंद केलं, पुसलं, पुजलं, आणि दसऱ्याला मुहूर्तावर पुन्हा चालू केलं. दिवा लगेच हिरवा लागला, म्हणजे पूजा पावली. "वर्षातून एक दिवस त्यालाही विश्रांती नको का?" असं ते म्हणाले. भक्तीने ओलं फडकं घेतलं आणि ती माळ चिमटीत धरून केराच्या डब्यात टाकली. जितेंद्र त्यावर कळवळले.

मग तिने अजयला फोन लावला. त्याने आधी नेहमीचं सांगितलं, मॅडम, इकडून सगळी केंद्रं पिंग होत आहेत. भक्ती म्हणाली, केंद्रांचं सोड, मशीनला विचार की तू कधीपासून जागं आहेस. अशी यंत्रं ते सांगतात. पलीकडे बराच वेळ नुसती बटणं वाजत होती. शेवटी तो म्हणाला की दसऱ्याच्या सकाळपासून. मग तिने त्याला ती ओळ शोधायला सांगितली. ओळ नव्हती. आदल्या वर्षी त्याने ती यंत्राला तोंडी सांगितल्यासारखी सांगितली होती, पण जपून ठेवायचा हुकूम द्यायचा आळस केला होता. वीज गेली तरी यंत्र बॅटरीवर जागं राहायचं, आणि जोवर जागं होतं तोवर त्याला आठवत होतं. जितेंद्रनी त्याला झोपवलं आणि ते उठलं तेव्हा विसरलं होतं. एकाचा आळस, दुसऱ्याचं सोवळं, आणि मधल्या मधे म्हातारी अंगणात पडली.

अजयने ओळ पुन्हा घातली. भक्तीने त्याला ती जपून ठेवायला लावली आणि ठेवली की नाही ते यंत्रालाच विचारायला लावून मोठ्याने वाचायला लावलं. थोड्याच वेळात कुणकेश्वरच्या नर्सचा फोन आला. तिथे एकामागून एक रिपोर्ट कोसळत होते, दसऱ्यापासून दारात अडकलेले सगळे. त्यात हौसाबाईचाही होता, तुळसाने ज्या दिवशी केला त्याच दिवसाच्या तारखेचा, हौसाबाई पडायच्या पुष्कळ आधीचा. मला वाटलं, संपलं, आता सभेत तुळसाची क्षमा मागतील. मी मंडळात इतकी वर्षं काढली होती, आणि तरी मला असं वाटलं.

सोमवारी सभा झाली. अध्यक्ष, जितेंद्र, डॉक्टर आणि चार सभासद टेबलाभोवती, तुळसा दाराजवळच्या बाकावर. मला साक्षीला बोलावलं होतं. भक्तीने घडलं ते सगळं सांगितलं, कोणी काय बंद केलं, कोणी काय जपलं नाही, रिपोर्ट कुठे आणि कधीपासून अडकला. डॉक्टर पूर्ण वेळ आपलं पेन उघडत-मिटत होते. तिचं बोलणं संपल्यावर अध्यक्षांनी जितेंद्रकडे पाहिलं, जितेंद्रनी अध्यक्षांकडे, आणि दोघांचं नजरेनेच ठरलं.

अध्यक्ष म्हणाले, तांत्रिक कारण होतं हे आता स्पष्ट झालं आहे. कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. मंडळ मोठ्या मनाने तुळसाबाईंना माफ करीत आहे. त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल दोन ओळी लिहून द्याव्यात आणि उद्यापासून कामावर यावं. सभासदांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला की ही माणुसकी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण संन्याशाला फाशीवरून उतरवून वर त्याच्याकडून आभार मागणारी माणसं मी तिथे पाहिली. भक्ती उठून उभी राहिली होती, पण तिच्या आधी तुळसा बोलली.

तुळसा मंडळाच्या कार्यालयात नेहमी पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी नाही बोलली. "माका माफी नको. माका गावासमोर खोटारडी म्हटलेला आसा. तुमी गावासमोर सांगा, मशीन तुमी बंद केलास. येत्या रविवारी भगवतीच्या देवळात येवा, नारळार हात ठेवा आणि एवढाच सांगा. मगे मी कामार येतंय."

आमच्याकडे हे नवीन नाही. दोघांत खरं-खोटं झालं की देवळात जायचं, देवासमोर नारळ ठेवायचा, त्यावर हात ठेवून सांगायचं. खोटं बोलणारा सहसा हात ठेवत नाही. हे जितेंद्रना कोणी समजवायची गरज नव्हती, असल्या गोष्टी त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या. त्यांनी गंड्यावरून बोट फिरवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुळसाबाई, ही ऑफिसची बाब आहे. यात देवाला मध्ये कशाला आणता?"

तुळसाने पदर खोचला. "देवाक मी मधी हाडूक नाय. तुमका देवासमोर बोलयतंय."

ती निघून गेली. अध्यक्षांनी चहा मागवला. भक्ती चहाला थांबली नाही, मीही नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं धामापूरला गेलो. भक्ती नेहमीसारखी बाहेर थांबेल असं मला वाटलं होतं, पण ती चपला काढून सरळ आत गेली आणि तुळसाच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. हात मात्र जोडले नाहीत. देवळात गाव जमला होता. तमाशा बघायला माणसांची कधीच वाण नसते. ज्या बायका बाजारात बोलायच्या थांबल्या होत्या त्या पुढेच बसल्या होत्या, आणि त्यांतली एक तुळसाच्या सासूला मायेने जागा करून देत होती. मला त्यांचीही किळस आली, पण त्यांना निदान कोणी मोठ्या मनाची म्हणून पाटी लावलेली नव्हती.

तुळसाने देवीसमोर नारळ ठेवला, त्यावर हात ठेवला आणि आपण रिपोर्ट त्याच दिवशी पाठवला होता एवढं सांगून ती मागे सरकली. नारळ तिथेच राहिला. पुजारी बाजूला बसला. मालवणहून येणारी गाडी आली, गेली. मग दुसरी आली. तिच्यातून कोणी देवळाकडे वळलं नाही. जितेंद्रचा निरोप नाही, फोन नाही.

मागच्या खांबाजवळ मितेश उभा होता, हे मला तेव्हा दिसलं. तुळसाने त्यालाही निरोप धाडला होता आणि तो कुणकेश्वरहून मोटरसायकलवर आला होता. सगळ्यांबरोबर तोही वाट बघत होता. ऊन सभामंडपात आत येऊ लागलं तेव्हा तो पुढे झाला, नारळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी दवाखान्यात काढला होता तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "नाय इलो. म्हणजे कळला."

गावाला एवढं पुरे होतं, आणि तुळसालाही. माणसं उठायला लागली. मितेश तुळसासमोर आला. एवढा थोराड माणूस मान खाली घालून नुसता उभा होता.

तुळसाने नारळ उचलून पुजाऱ्याच्या हातात दिला आणि मितेशला म्हणाली, "आवशीक बुधवारी घेवन ये. तिचा रगत परत तपासूक व्हया."